तो मी नव्हेच, आणि घाटाखालचा मुलूख

दूध उतू गेलेलं असतं. गॅस मोठा कोणी ठेवला, असा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो आणि बाबा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतात, “तो मी नव्हेच!” आई हसते, नाहीतर जास्तच चिडते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य पहिल्यांदा असंच कुठेतरी ऐकलं. नाटक पाहून ऐकलेले फार थोडे. एखाद्या पुढाऱ्याने आरोप झटकले की दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात हाच मथळा येतो. मित्रांच्या ग्रुपवर शेवटचा समोसा कोणी खाल्ला, यावरही हेच उत्तर येतं. शॅगीचं ‘इट वॉझंट मी’ हे गाणं २००० साली आलं तेव्हा जगभरातल्या पोरांना नाही म्हणायची एक नवी चाल मिळाली. आपल्या घरांत ती चाल त्याच्या अडतीस वर्षं आधीच आली होती.

या वाक्याची गंमत त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’ कोणी फारसं म्हणत नाही, सगळे ‘नाही’ म्हणतात. पण या एका वाक्यात ‘नव्हे’ अजून ठणठणीत आहे. त्याला चिकटलेला ‘च’ तर दुसऱ्या भाषेत नेताच येत नाही. हिंदीत ‘वह मैं नहीं’ म्हटलं तर वाक्य होतं, पण दार धाडकन लावल्यासारखा जो आवाज मराठीत येतो, तो येत नाही. एका नाटकाच्या नावाने भाषेतलं एक जुनं क्रियापद असं सांभाळून ठेवलं आहे.

ज्यांनी ते नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘तो मी नव्हेच’ हे आचार्य प्र. के. अत्र्यांचं नाटक १९६२ साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर. एका खऱ्या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. साक्षीदार एकामागून एक येतात आणि सांगतात, हाच तो माणूस. कोणाकडे तो दिवाकर दातार म्हणून आला होता, कोणाकडे कॅप्टन अशोक परांजपे म्हणून, तर कोणाकडे राधेश्याम महाराज म्हणून. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं, वेष वेगळा, बोलण्याची ढब वेगळी आणि फसवलेली बाईही वेगळी. लखोबाचं उत्तर मात्र सगळ्यांना एकच. ही सारी रूपं प्रभाकर पणशीकर करत. एका साक्षीतून दुसऱ्या साक्षीत झटकन जाता यावं म्हणून या नाटकासाठी फिरता रंगमंच वापरला गेला. न्यायालय फिरून मागे जाई आणि समोर एखाद्या घराचा दिवाणखाना येई. पणशीकरांनी पुढची कितीतरी दशकं हे नाटक गावोगाव नेलं. अलीकडच्या काळात डॉ. गिरीश ओकांनीही लखोबा उभा केला.

आता त्या पात्राचं गाव लक्षात घ्या. निपाणी हे कोल्हापूरच्या दक्षिणेचं, तंबाखूच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणी मुंबई राज्यातून तेव्हाच्या मैसूर राज्यात गेली. नाटक आलं तेव्हा या गोष्टीला जेमतेम सहा वर्षं झाली होती. शिवाय लिहिणारे होते अत्रे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. त्यांचं ‘मराठा’ हे दैनिक त्याच नोव्हेंबरमध्ये सुरू झालं होतं. प्रेक्षागृहात ‘निपाणीचा’ असा शब्द पडला की लोकांच्या मनात तंबाखूबरोबर सीमाही येत असणार.

महाराष्ट्राची ती दक्षिणेकडची सीमा आपल्याला बातम्यांमुळे माहीत असते. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं लहानपणापासून कानावर पडतात. उत्तरेकडेही तशीच एक सीमा आहे आणि तिच्या पलीकडेही मराठी घरं आहेत. त्यांच्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. लखोबाचं वाक्य डोक्यात घेऊन मी तिकडे गेलो, ते यासाठीच. पांढुर्णा आणि सौसर ही मध्य प्रदेशातली दोन गावं आणि त्यांच्या भोवतीचा संत्र्याच्या बागांचा मुलूख.

नागपूरहून दोन्ही गावं जवळ आहेत. मोटारीने निघालात तर सावनेरला रस्ता फुटतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे आणि पुढे भोपाळला जातो. दुसरा सौसर, रामाकोना करत घाट चढून छिंदवाड्याला पोचतो. रेल्वेने गेलात तर काटोल आणि नरखेड मागे पडलं की पांढुर्णा येतं. दिल्लीहून नागपूरला येणाऱ्या गाड्या याच रुळांवरून धावतात, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांनी हे स्टेशन झोपेत ओलांडलेलं असणार. सौसरवरून नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेजची छोटी गाडी जायची. ती लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे.

सीमा कुठे ओलांडली ते डोळ्यांना कळत नाही. माती तीच, काळी. बागा त्याच. झाडांच्या फांद्यांना टेकू दिलेले तेच बांबू. बदलतात त्या पाट्या. ‘ग्रामपंचायत’ तशीच राहते, पण ‘कार्यालया’चं ‘कार्यालय’ होताना आजूबाजूचे ‘चे’ आणि ‘च्या’ जाऊन ‘का’ आणि ‘के’ येतात. गावांच्या नावांतही बारीक फरक होतो. आपण सौसर म्हणतो, पाटीवर अनुस्वार देऊन ‘सौंसर’ असतं. पांढुर्ण्यातला ‘ण’ हिंदी लिहिणाऱ्याच्या हातून बऱ्याचदा ‘न’ होतो आणि ‘पांढुर्ना’ वाचायला मिळतं. ‘ळ’ची तर अडचणच आहे, कारण हिंदीच्या बाराखडीत तो नाही. पण पांढुर्ण्याच्या बाजारात केळी विकणाऱ्या बाईला मी भाव विचारला, तर तिचा ‘ळ’ अगदी खणखणीत होता. भाव मात्र तिने हिंदीत सांगितला. मी मराठीत घासाघीस सुरू केल्यावर ती हसली आणि म्हणाली, “काहून बापा, आधी सांगाचं ना मराठी हाये म्हणून!”

इथली बोली नागपूरकडची आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘येऊन राहिलो’, ‘जाऊन राहिला’. पुण्यामुंबईकडची माणसं ही बोली ऐकून गालात हसतात, ते इथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. गावागावांत हिच्या जोडीला भोयरी पवारी आहे, आणि गोंडीही. आणि सगळ्यांच्या वर सरकारी कामाची, शाळेची आणि बाजाराची हिंदी. एकाच घरात आजी नातवाशी मराठीत बोलते, नातू तिला अर्ध्या हिंदीत उत्तर देतो आणि दोघांनाही त्यात काही वेगळं घडतंय असं वाटत नाही. सकाळचा नाश्ताही असाच. एका हॉटेलात माझ्या पोह्यांवर नागपुरी झणझणीत तर्री आली आणि शेजारच्या टेबलावर इंदुरी पद्धतीने पोह्यांबरोबर जलेबी गेली. दोन्ही एकाच कढईतले पोहे.

त्या हॉटेलच्या मालकांना मी सहज विचारलं, “तुम्ही स्वतःला मराठी म्हणवता का?” त्यांनी चहा गाळता गाळता उत्तर दिलं, “भाऊ, आम्ही नागपूरले गेलो का एम्पीवाले. भोपाळले गेलो का मराठे. घरी आलो का मग आमचे आम्ही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशोब सांगावा तसं सांगितलं.

मला लखोबाचा पिंजरा आठवला. तिथे साक्षीदार बोट दाखवतात आणि म्हणतात, तू अमुक आहेस. तो म्हणतो, तो मी नव्हेच. इथे उलटंच होतं. नागपूर म्हणतं, तू आमच्यातला नव्हेस. भोपाळही तेच म्हणतं. मधे उभा असलेला माणूस मात्र खोटं काहीच बोललेला नाही. लखोबा लबाडीने पाच जण झाला होता. सीमेवरचा माणूस प्रामाणिकपणे दोन-तीन जण असतो, कारण दिवसभरात त्याला तेवढे व्हावंच लागतं. शाळेत एक, तहसिलीत दुसरा, देवघरात तिसरा.

हे असं का झालं, ते समजायला त्या फिरत्या रंगमंचाचा उपयोग होतो. पात्रं जागच्या जागी उभी असतात आणि खालची फळी फिरते. या मुलखाचा इतिहास तसाच आहे.

छिंदवाडा जिल्हा सातपुड्याच्या पठारावर आहे, पण सौसरचा भाग घाट उतरून खाली येतो. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये याला ‘जेरघाट’ म्हटलं आहे, म्हणजे घाटाखालचा मुलूख. पांढुर्णा तेव्हा सौसर तहसिलीतच मोडत असे. घाटावरचं पाणी, माती आणि माणसं वेगळी. घाटाखालची जमीन नागपूरच्या मैदानाचाच एक तुकडा. जाम नदी पांढुर्ण्याकडून सौसरकडे वाहते आणि पुढे कन्हानला मिळते. त्याच कन्हानचं पाणी नागपूरकर पितात. नदीला जिकडे उतार मिळाला, तिकडेच बाजार गेला, सोयरिकी गेल्या आणि भाषाही गेली.

नातं उलट्या दिशेनेही आहे. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. हा देवगड छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या शहराकडे हा मुलूख ‘आपलं मोठं गाव’ म्हणून बघतो, त्या शहराचं आजोळ डोंगरावर, आजच्या मध्य प्रदेशात आहे. पुढे भोसल्यांचं राज्य आलं. १८५३ साली राजा वारला तेव्हा औरस वारस नव्हता आणि डलहौसीच्या कारभारात नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. मग वऱ्हाड जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, पण राजधानी नागपूरच राहिली आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. सौसरचा शेतकरी कामासाठी निघाला की साठ-सत्तर किलोमीटरवर त्याची राजधानी होती आणि तिथल्या साहेबाशी तो मराठीत बोलू शकत होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी फळी फिरली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा अख्खा जिल्हा म्हणून मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. सीमा जिल्ह्यांच्या कडेने आखली गेली. जिल्ह्याच्या आत, घाटाच्या खाली कोण काय बोलतं, हा प्रश्न त्या रेषेत मावला नाही. निपाणीला आणि सौसरला एकाच दिवशी नवं राज्य मिळालं. निपाणीच्या बाजूने मोर्चे निघाले, आयोग बसले, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. घाटाखालच्या मुलखात तसं काही पेटलं नाही. इथल्या लोकांनी मुलांना हिंदी शाळेत घातलं, घरात मराठी ठेवली आणि संत्री लावली.

अलीकडे फळी थोडी पुन्हा फिरली. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौसर ही तहसिलं छिंदवाड्यातून वेगळी काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घाटाखालचा मुलूख पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने जिल्हा म्हणून नकाशावर आला. राज्य तेच, राजभाषा तीच, पण आता कलेक्टर कचेरीसाठी घाट चढावा लागत नाही. “आता आमचा जिल्हा आमच्याच गावात,” असं सांगताना एका रिक्षावाल्या दादांनी रिक्षाचा वेगही थोडा वाढवला होता.

पांढुर्ण्याचं नाव देशभरात जातं ते मात्र वेगळ्याच कारणाने. श्रावण अमावास्येला पोळा होतो. दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन मिरवतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्हीकडून गोटे सुटतात आणि झाड कोण काढून नेतं यावर निकाल ठरतो. झाड मग चंडीमातेला वाहतात. ‘गोटमार’ हा शब्द उघडच मराठी आहे, गोट्यांचा मार. हिंदी पेपरवालेही तो तसाच छापतात. भाषेने कचेरीत जागा सोडली, पण नदीच्या पात्रात सोडली नाही.

यामागे एक कथा सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडली. तिला घेऊन तो नदी ओलांडत असताना सावरगावकरांनी दगड मारायला सुरुवात केली. मुलाला वाचवायला पांढुर्ण्याकडूनही दगड आले. दोघं मधल्या पाण्यातच गेली. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली जागा खरी वाटते. दोन काठांच्या मधे, दोन्हीकडचे दगड खात उभं राहणं म्हणजे काय, हे या मुलखाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि इथे लखोबाचं वाक्य हसण्यासारखं राहत नाही. दरवर्षी या दिवशी शेकडो लोकांची डोकी फुटतात. आजवर जीवही गेले आहेत. प्रशासन जमावबंदी लावतं, रुग्णवाहिका उभ्या करतं, समजूत काढतं. गोटमार तरी होते. एवढ्या गर्दीत ज्या गोट्याने एखाद्याचा डोळा जातो, तो गोटा कोणी मारला? कोणीच नाही. हजार हात वर झालेले असतात आणि त्या एका दगडाचा मालक सापडत नाही. ‘तो मी नव्हेच’ हे इथे कोणी मोठ्याने म्हणत नाही, म्हणायची गरजच पडत नाही. सावरगावातल्या एका शाळकरी मुलाला मी विचारलं, “तू जातोस का रे?” तो म्हणाला, “नाई काका, मी नुसता पाहाले जातो.” शेजारी उभी असलेली त्याची आई म्हणाली, “सगळेच पाहाले जातात.” पुढे ती काही बोलली नाही. नाटकातला लखोबा निदान एकटा तरी होता आणि त्याला पिंजऱ्यात उभं करता आलं.

जाम नदीच्याच मुलखात, सौसरजवळ, जाम सावळीचा हनुमान आहे. गोटमारीचा दिवस जेवढा कर्कश, तेवढी ही जागा निवांत. आपण मारुती पाहतो तो उभा, नाहीतर डोंगर उचललेला. इथला मारुती आडवा झालेला आहे, विश्रांती घेत असल्यासारखा. शनिवारी आणि मंगळवारी नागपूरकडून गाड्या भरून माणसं येतात. रांगेत माझ्या पुढे मराठी, मागे हिंदी आणि बाजूला एक आजीबाई नातीला सांगत होत्या, “हात जोड, देव झोपला हाये, आवाज नोको करू.” नात मोबाइल खिशात ठेवत म्हणाली, “दादी, मैंने आवाज नहीं किया.” आजींनी तिच्याकडे बघितलं आणि मराठीतच पुढे चालू ठेवलं. रागावल्या नाहीत, दुरुस्तही केलं नाही. आपण आपली भाषा बोलत राहायची, ऐकणारा ऐकेल, असा तो हिशोब होता.

बाहेर संत्र्यांचे ढीग होते. आंबिया बहाराचा शेवट होता. “नागपुरी का?” असं मी विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “इथं पांढुर्ण्याचा. दिल्लीले गेला का नागपुरी.” फळालाही दोन नावं. पण एक सांगतो, संत्रं मधोमध सोललं तेव्हा ते दोन्ही नावांनी गोडच होतं.

आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आपणही सीमेपलीकडचेच आहोत. कोणी इंदूरला वाढलं, कोणी बडोद्याला, कोणी त्याहून लांब. ‘तू मराठी ना?’ असा प्रश्न कधी शाळेत येतो, कधी फॉर्मवर ‘मातृभाषा’ असा रकाना येतो, कधी पुण्याचा मावसभाऊ आपलं बोलणं ऐकून ‘हे कुठलं मराठी?’ असं विचारतो. अशा वेळी खांदे उडवून ‘तो मी नव्हेच’ म्हणणं फार सोपं असतं. आपली मराठी पुरेशी शुद्ध नाही, आपण नाटकं पाहिलेली नाहीत, आपल्याला ‘ळ’ नीट जमत नाही, मग आपण कसले मराठी? असं म्हणत म्हणत एक पिढी हळूच पिंजऱ्यातून बाहेर पडते. तिच्यावर कोणी खटलाही भरत नाही.

केळीवाल्या बाईने असा विचार केला नाही. तिच्या मराठीला शाळा नाही, कचेरी नाही, पाटीही नाही. तरी समोरचा मराठीत बोलला तेव्हा तिने क्षणात भाषा बदलली आणि उलट मलाच विचारलं, आधी का नाही सांगितलंस. शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न तिच्या डोक्यातही आला नाही. भाषा टिकते ती अशा तयारीमुळे. बदलायला एक क्षण पुरतो, पण त्यासाठी ती भाषा जिभेच्या टोकाशी असावी लागते.

पणशीकरांची एक गोष्ट सांगून थांबतो. आयुष्यभर ज्या माणसाने रोज रात्री पिंजऱ्यात उभं राहून ‘तो मी नव्हेच’ म्हटलं, त्याने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं, ‘तोच मी’. ‘नव्हे’ गाळलं, ‘च’ पुढे आणला आणि नकाराचा होकार झाला. तो नुसता ‘च’ बघा. नकाराला जेवढा ठामपणा देतो, तेवढाच होकारालाही देतो.

जायचं ठरवलंत तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. संत्री असतात, ऊन बाधत नाही. नागपूरला मुक्काम करून एका दिवसात सौसर, जाम सावळी आणि पांढुर्णा होतं, सकाळी लवकर निघालात तर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांना घेऊन पांढुर्ण्याला जाऊ नका. बाजारात भाव विचारताना सुरुवात मराठीत करा. समोरून हिंदी आलं तरी घाबरू नका, दुसऱ्या वाक्याला मराठी येतं. आणि कोणी विचारलंच, ‘तुम्ही मराठी का?’, तर उत्तरासाठी पणशीकरांच्या पुस्तकाचं नाव आहेच. दोनच शब्दांचं आहे.